बडोद्याचे पाहुणे आणि मालेगावकडचे काका

बडोद्यात टूरिस्ट ग्रुपना फिरवायचं काम करते मी, जास्त करून महाराष्ट्रातनं आलेले लोक असतात. लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये दरबार हॉल, मोझॅकची फरशी, बेल्जियमच्या रंगीत काचा बघून झाल्या की एक प्रश्न ठरलेला, की बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, त्यांच्याकडे त्या काळात कोण कोण मोठी माणसं आली होती? मग प्रिन्स ऑफ वेल्स 1875 ला आला ते सांगते, दरबार हॉलसाठी 14 पौराणिक चित्रं काढणारे राजा रवि वर्मा, 1893 ला इथे नोकरीला आलेले अरविंद घोष, अशी नावं निघतात आणि लोक पुढे सरकतात.

त्या दिवशी मालेगावकडचा ग्रुप होता, बहुतेक शेतकरी घरातले. एक वयस्कर काका थांबले आणि म्हणाले, "ताई, जोतिबांनी शेतकऱ्याचा असूड महाराजांना वाचून दाखवला, तो इथंच का?"

खरं सांगते, अंगावर काटा आला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं किती दिवस वाटत होतं मला!

म्हटलं काका, इथे नाही, हा पॅलेस पूर्ण झाला 1890 ला, आणि असूड 1883 चा, म्हणजे तेव्हा याचं बांधकाम चालू होतं. पण जोतीराव बडोद्याला आले होते आणि ते त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या उपोद्घातात लिहून ठेवलंय, की महाराजांनी राज्यकारभारातला वेळ काढून त्यांच्याकडून सगळं पुस्तक वाचून घेतलं, लक्ष देऊन ऐकलं, पैशाची मदत केली, आदरसत्कार केला. आता विचार करा, ऐकणारा राजा जेमतेम विशीतला, पूर्ण अधिकार हातात आले ते 1881 च्या डिसेंबरात, आणि समोर पंचावन्नच्या पुढचे जोतीराव, वाचतायत काय तर सरकारी सारा, सावकाराचं कर्ज, कचेरीतल्या कामगारांनी केलेली कुणब्याची नागवणूक, आणि मग उपाय, ताली, बंधारे, तळी. राजाला गोड वाटावं असं त्यात काहीच नाही, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मला तर प्रिन्सच्या भेटीपेक्षा ही भेट कितीतरी मोठी वाटते.

"ऐकणारच की," काका म्हणाले, "कवळाण्याचं पोरगं ते. आमच्याच तालुक्यातलं. दत्तक जायच्या आधी शेतच बघितलेलं त्यानं."

बाकीचे म्युझियमकडे चला म्हणून घाई करत होते, पण काकांची नात पुढे आली, पुढे काय झालं विचारायला लागली. तिला सांगितलं की 1882 मध्ये जोतीरावांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती, इंग्रज सरकारने काही ती मानली नाही, आणि सयाजीरावांनी 1893 ला अमरेलीपासून सुरुवात करून 1906 मध्ये सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. जोतीराव 1890 लाच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

"मुलींना पण सक्ती?" तिने विचारलं.

हो, म्हटलं, मुलींना पण. तेवढ्यात काकांनी पूर्ण ग्रुपला हाक मारली, "ए, इकडं या सगळे, ताई परत पहिल्यापासून सांगतील," आणि मी सांगितलं.