ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होता, पण नळीत

तपासायला आलेल्या एका बॅचमध्ये रुग्णांच्या रक्तात जीएसएच (ग्लुटाथायोन या पेशीरक्षक रेणूचं वापरायला तयार रूप) आणि जीएसएसजी (दोन जीएसएच जोडून झालेलं त्याचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप) यांचं गुणोत्तर ८:१ आलं. ते जितकं कमी, तितका ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त मानतात; पण एवढ्यावर मी थांबलो नसतो. खटकलं ते निरोगी गटाचं ९:१. निरोगी माणसाच्या रक्तात ग्लुटाथायोन साधारण १ मिलिमोलर असतं, जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत, आणि त्यातलं जीएसएसजी जेमतेम काही मायक्रोमोलर. इथे ते नव्वदच्या आसपास होतं, तेही सगळ्यांचंच.

पहिली शंका एककाची. मोजणीच्या रीसायकलिंग पद्धतीत ग्लुटाथायोन रिडक्टेज हे एन्झाइम एनएडीपीएच हे इंधन वापरून जीएसएसजीचं पुन्हा जीएसएच करतं; जीएसएसजीच्या एका रेणूपासून जीएसएचचे दोन मिळतात, त्यामुळे आकडा जीएसएचच्या हिशेबात लिहिला असेल तर तो दुप्पट दिसतो. पण निम्मा केला तरी पंचेचाळीस उरत होते. एकूण ग्लुटाथायोन मात्र सगळीकडे हजार मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच. रिडक्टेज मेलेलं नव्हतं, एनएडीपीएच ताजं होतं, ४१२ नॅनोमीटरवर मोजलेल्या रंगाच्या रेषा सरळ चढत होत्या. मोजणी बरोबर आणि उत्तर अशक्य, अशा वेळी नमुना गोळा कसा केला ते विचारावं.

नोंदी मागवल्या. रक्त घेतलं, बर्फावर ठेवलं, थेट ५ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात टाकलं, सेंट्रिफ्यूज केलं, अर्क उणे ८० अंश सेल्सिअसला. मग जीएसएसजीसाठी त्या अर्काचा पीएच उदासीनाजवळ आणून २-व्हिनाइलपिरिडीनने जीएसएच बंद केलं. कागदावर यात काही वावगं नाही. ऊतींच्या अर्कांसाठी हा क्रम वर्षानुवर्षं वापरला जातो. रक्ताची गोष्ट वेगळी. आम्लाने हिमोग्लोबिन विस्कटतं त्याच क्षणी ऑक्सिडीकारक पदार्थ सुटतात आणि शेजारी मिलिमोलर जीएसएच मोकळं असतं. व्हिनाइलपिरिडीन येतं तोवर नुकसान होऊन गेलेलं. ते उरलेलं जीएसएच बांधतं, झालेलं जीएसएसजी परत फिरवत नाही.

यातलं गणित फार निर्दयी आहे. १००० मायक्रोमोलरपैकी नुसतं २ टक्के जीएसएच नळीत ऑक्सिडाइझ झालं, तर १० मायक्रोमोलर जीएसएसजी जन्माला येतं. खरं जीएसएसजी ३ असेल तर अहवालात १३ जातं, चौपटीहून जास्त. जीएसएचच्या आकड्यात तेवढा फरक पिपेटच्या चुकीत लपून जातो.

खात्रीसाठी त्याच दिवशी ताजं ईडीटीए रक्त (गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं) घेऊन त्याचे दोन भाग केले. एक थेट आम्लात. दुसऱ्यात आधी एन-इथाइलमॅलेइमाइड, म्हणजे एनईएम, रक्तात अंतिम २८ मिलिमोलरच्या आसपास. हलक्या हाताने उलटसुलट करून काही मिनिटं थांबलो आणि मगच आम्ल. एनईएम पेशीच्या पटलातून सहज आत जातं आणि थायॉलला, म्हणजे जीएसएचच्या गंधकाच्या गटाला, पटकन धरतं, म्हणून ते नळीत आधीपासून असावं आणि रक्त त्यावर यावं. पाण्यातलं द्रावण ताजंच हवं, कारण ते हळूहळू फुटतं. डोळ्यांना आणि त्वचेला ते जाळतं, हातमोजे आणि फ्यूम हूड सोडू नये.

दुसऱ्या भागाची पहिली रेषा जवळजवळ आडवी आली. जीएसएसजी शून्य म्हणून आनंद मानावा अशी ती रेषा नव्हे. उरलेलं एनईएम ग्लुटाथायोन रिडक्टेजलाच मारतं. त्याच अर्कात माहितीचं ५ मायक्रोमोलर जीएसएसजी घातलं, तेही दिसेना. म्हणून आम्लधर्मी अर्क तिप्पट आकारमानाच्या डायक्लोरोमीथेनने तीनदा धुतला, खालचा थर दरवेळी टाकून दिला, आणि मग घातलेलं जीएसएसजी जवळजवळ पूर्ण परत मिळालं. ही रिकव्हरी प्रत्येक बॅचमध्ये तपासावी, स्टँडर्डही त्याच आम्लात आणि त्याच धुलाईतून न्यावीत. बफरमध्ये उतरलेलं जादा आम्ल पीएच पाडतं आणि रेषा विनाकारण मंदावते.

शेवटचे आकडे: थेट आम्लाच्या भागात आधीसारखंच ९:१ जवळ, एनईएमच्या भागात २००:१च्या वर. रक्त एकाच नळीतलं.

आलेल्या बॅचचं जीएसएसजी वाचवता येण्यासारखं नव्हतं. ऑक्सिडेशन अर्क करतानाच झालं होतं, उणे ८०ला कितीही नीट ठेवलं तरी उपयोग नाही. ठरावीक गुणकाने भागून दुरुस्ती करण्याची सूचनाही आली, पण नळीतलं ऑक्सिडेशन हिमोग्लोबिन, आम्ल आणि ढवळण्याच्या वेगावर बदलतं, एकसारखं नसतं. अहवालात फक्त एकूण ग्लुटाथायोन, हिमोग्लोबिनच्या प्रमाणात, ठेवलं. गुणोत्तराचा रकाना काढला. नव्या नमुन्यांसाठी रक्त घेण्याच्या खोलीतच एनईएम भरलेल्या नळ्या पाठवल्या. प्रयोगशाळेत पोचल्यावर घालायला तोवर उशीर झालेला असतो.