पुनवेचं पाणी

माझ्या कादंबरीचं चौथं प्रकरण मी जुळवून पक्कं केलं होतं. होडीचे शब्द तेवढे तपासून घ्यायचे म्हणून खाडीवर जन्म काढलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला ते वाचून दाखवत होतो. वल्ही, नांगर, सुकाणू सगळं त्याने मुकाट ऐकलं. शेवटी एकच विचारलं, "पुनवेला सांजचं पाणी कुठं असतं हो?"

प्रसंग असा. काळ सत्तरच्या दशकातला, गाव दाभोळच्या खाडीवरचं, मुखाजवळचं. शिमग्याच्या दिवशी घरात म्हातारा बाप अखेरच्या घटका मोजतोय. थोरला मुलगा दत्ताराम खाडीत बरंच वर, सासुरवाडीला पालखीसाठी गेलेला. रुक्मिणी, म्हणजे त्याची बायको, सकाळी निरोप धाडते. दत्ताराम रात्री अकरानंतर पोचतो, तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. पुढे मुंबईहून धाकटा मोहन येतो, तेव्हा दत्ताराम त्याला हातांचे फोड दाखवून सांगतो, "दिवस बुडताना होडी सोडली रे, तरी गाठ पडली नाही."

आता हिशोब. कोकणात भरतीचा ठोकताळा पोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, ओहोटी संपते. हे झालं किनाऱ्याचं. खाडीत वर जाल तसं पाणी उशिरा पोचतं. मी सासुरवाडीसाठी तास धरला. म्हणजे तिथे भरती सव्वाबाराला, आणि तळ लागतो साडेसहाला. मार्चमध्ये सूर्य मावळतो तो पावणेसातच्या आसपास. त्यातून पौर्णिमा म्हणजे उधाण. उधाणाची भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते. म्हणजे दत्ताराम होडी सोडली म्हणतो त्या घटकेला होडी चिखलात बसलेली, आणि पाण्याची रेघ लांब. चिखल मांडीभर, खाली कालवांची धारदार कवचं. रिकामी होडीसुद्धा तिथून ढकलत नेता येत नाही. ती पुन्हा तरंगणार साडेआठच्या पुढे.

अशी चूक सापडली की पहिला मोह तारीख हलवायचा. इथे ती हलत नव्हती, कारण होळी पौर्णिमेलाच बांधलेली. पळवाट एक होती. कोकणात काही गावांचे शिमगे तेरसे असतात, त्रयोदशीला होतात. 13 ची पाऊणपट पावणेदहा, वर पावणेअकरा, म्हणजे ओहोटी पाचला संपते आणि ओढूनताणून सात वाजता होडी हलते. एक शब्द बदलला की काम झालं असतं, आणि वाचकांपैकी शंभरात दोघांनाही संशय आला नसता. (पंचांगात पौर्णिमा संध्याकाळी लागली, दुपारी चतुर्दशीच होती, असं धरूनही पाहिलं. पाऊण तासाचा फरक पडतो, चिखल तोच राहतो.)

तेरसा शिमगा लिहायला घेतलाही. पण बाकीच्या वेळा नव्या तिथीशी जुळवायच्या म्हणून जुन्या वेळा एका कागदावर मांडल्या: प्रकरण, तिथी, घड्याळ, पाणी चढतं की उतरतं, आणि शेवटच्या रकान्यात हे कोणाला ठाऊक. तो शेवटचा रकाना मी सहसा आळसाने गाळतो. त्या दिवशी गाळला नाही.

तिसऱ्या प्रकरणात निरोप्या भरतीबरोबर वर येतो, तेव्हा सासुरवाडीत पानं मांडलेली असतात. म्हणजे साडेबारा. त्या वेळी भरती नुकतीच वळलेली. पुढचे अडीच तास होडीला पुरेसं पाणी, आणि ओढ खाली, घराच्या दिशेने. वल्ही नुसती धरून बसलं तरी माणूस दीड-दोन तासांत दारात. निरोप्या त्याच ओहोटीने परत गेला हेही मी लिहून ठेवलं होतं. त्याच्याच होडीत दत्तारामला बसता आलं असतं.

आणि फोड. ते मी पुत्रप्रेमाचा पुरावा म्हणून घातले होते, थोडे भडकच. पण ओहोटीबरोबर उतरणाऱ्याच्या हाताला फोड येत नाहीत. साडेआठला निघून चढत्या भरतीच्या तोंडावर अडीच-तीन तास वल्ही मारणाऱ्याला येतात. अकरानंतरचं पोचणं बरोबर, फोड बरोबर, फक्त निघण्याची वेळ खोटी. माझ्या टिपणवहीत दत्तारामपुढे 'तडफदार, वडिलांवर जीव' असं लिहिलेलं होतं. वडिलांवर जीव आहेच. पण हा माणूस पालखीचा पहिला नाच हातचा जाऊ देत नाही (सहावं प्रकरण) आणि म्हातारा संध्याकाळपर्यंत तग धरेल असं मनाशी ठरवून टाकतो. संगणकावर त्याच्या तोंडचा 'बघू' शोधला. चौदा वेळा. मी तो बोलण्याच्या लकबीपुरता घातला होता.

पात्रं आपणहून बोलायला लागतात वगैरे मी मानत नाही. चूक ती चूक. ती स्वभाव म्हणून ठेवायची तर माझी कसोटी अशी: आधी लिहून झालेल्या किमान तीन जागा तिने उलगडल्या पाहिजेत, आणि त्या जागा तिच्यासाठी रचलेल्या नसाव्यात. फोड, परतलेला निरोप्या, 'बघू'. तीन भरल्या. दोनच भरल्या असत्या तर तेरसा शिमगा घालून मोकळा झालो असतो.

एक अडचण मात्र उरलीच. खाडीवरचा माणूस असलं बावळट खोटं बोलेलच कसा? गावात कोणीही बोटावर मोजून पकडेल. परत पाहिलं तर हे वाक्य तो अख्ख्या कादंबरीत एकाच माणसापुढे बोलतो, मोहनपुढे. मोहन दहाव्या वर्षी मुंबईला गेलेला, गिरणीतला चाकरमानी. त्याला पाळीचा भोंगा कळतो, भांग-उधाण, म्हणजे लहान-मोठी भरती, नाही.

आणि त्या वेळी ओटीवर तिसरं माणूस आहे, रुक्मिणी. निरोप तिने धाडलेला, आणि ज्या काठावर होडी अडकली ते तिचं माहेर. मी तिच्याबद्दल लिहिलं होतं: 'तिने तांब्या उचलला आणि ती आत गेली.' हे निव्वळ सोयीसाठी, दोघा भावांना बोलायला जागा हवी म्हणून. आता ती का उठली ते कळलं. पुढची सात प्रकरणं ती नवऱ्याशी कामापुरतं बोलते. ते मी तिच्या दुःखाच्या खाती टाकलं होतं.

दुरुस्ती फार थोडी केली. पहिल्या झटक्यात रुक्मिणीला उंबऱ्यात थांबवून नवऱ्याकडे एक नजर टाकायला लावली होती. ती वाक्यं खोडली, कारण थांबली की तिने सांगून टाकल्यासारखं होतं. निरोप्याच्या परतण्याचं वाक्य परिच्छेदाच्या पोटात होतं ते शेवटी आणलं. फोडांची तीन विशेषणं काढली. 'दिवस बुडताना' तसंच ठेवलं. पाण्याचा हिशोब पुस्तकात कुठेही दिलेला नाही; ज्याला येतो तो करील, बाकीचे मोहनबरोबर राहतील. नवव्या प्रकरणात दत्ताराम मोहनजवळ मन मोकळं करतो ती दोन पानं मात्र अख्खी काढावी लागली, आणि ती चांगली उतरली होती.

मग दत्तारामची बाकीची वाक्यंही पाण्यावर घालून पाहिली. सातव्यात तो म्हणतो, एकादशीला सकाळी आठाच्या भरतीला काजूची पोती उतरवली. 11 ची पाऊणपट सव्वाआठ. तिथे तो खरं बोलतोय.