बोटभर फट

स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या जुन्या भागात पाऊस चुकवायला म्हणून आम्ही एका छोट्या चित्रदालनात शिरलो. भिंतीवर शिल्पकार एदुआर्दो चियिदाचा लिथोग्राफ होता. जाडसर कागदावर तीन-चार काळेकुट्ट ठोकळे. एकमेकांत बोटं गुंतवायला निघालेले, पण ऐनवेळी बोटभर जागा सोडून थबकलेले. खाली पेन्सिलीने २३/५०, म्हणजे पन्नासातली तेविसावी प्रत, आणि सही. भाच्याने मान वाकडी करून पाहिलं. "मामा, हे उलटं तर टांगलं नाहीये ना?"

सही खाली आहे म्हणजे सुलटंच असणार, एवढंच मला सांगता आलं.

सकाळीच आम्ही ओन्दारेता किनाऱ्याच्या टोकाशी त्याची 'वाऱ्याची फणी' पाहिली होती. खडकात रोवलेले पोलादाचे तीन अजस्र पंजे, दहा-दहा टनांचे, १९७७ पासून लाटा अंगावर घेत उभे. कागदावरचे ठोकळे त्यांच्याच घरातले वाटले.

लिथोग्राफ म्हणजे आपला शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते असंच, दगडावरून. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीही दगडावरूनच घरोघरी पोचल्या. तिथे जितक्या प्रती निघतील तितक्या हव्याच होत्या. इथे ठरलेल्या प्रती निघाल्या की चित्र दगडावरून घासून टाकायचं.

"म्हणजे मुद्दाम टंचाई!" भाचा म्हणाला. खरंय, आणि मलाही ते फारसं रुचत नाही. किंमत विचारली तेव्हा तर अजिबातच रुचलं नाही.

पण या छपाईतली एक गोष्ट मला फार आवडते. दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि वरून ओला स्पंज फिरवतात. खडू शाईला धरतो, भिजलेला दगड तिला फिरकू देत नाही. मात्र दर छापाआधी पुन्हा पाणी लावावं लागतं. जरा हयगय केली, दगड सुकला, की शाई पांढऱ्यावर चढलीच. काळा भाग एकदा काढला की झाला. कोरी जागा राखायची तर पन्नास प्रतींना पन्नास वेळा राखावी लागते.

आणि चियिदा तर मुळात गोलकीपर! विशीच्या आतबाहेर असताना रिआल सोसिएदाद या इथल्याच फुटबॉल क्लबकडून खेळायचा. गुडघा दुखावला, खेळ सुटला. मग वास्तुकलेचं शिक्षण अर्ध्यावर टाकून तो शिल्पाकडे वळला. ७.३२ मीटर रुंदीच्या रिकाम्या चौकटीत उभं राहून, चेंडू कुठल्या फटीतून येईल हे ताडण्यात त्याचे ते दिवस गेलेले.

भाचा शाळेच्या संघात गोलकीपर आहे. हे ऐकल्यावर तो मुकाट्याने चित्रापाशी परत गेला, जरा वाकला, आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटीवर, थेट काचेवर, बोट ठेवून म्हणाला, "इथून गेला असता."

दालनातल्या बाई लगबगीने आमच्याकडे आल्या.