घटस्फोटाची फाइल

आजचा दिवस परस्पर संमतीच्या अर्जांचे कागद चाळण्यात गेला. गाडं अडतं ते बहुतेक नावापाशीच. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, लग्नपत्रिकेत लाडाचं नाव! अर्ज टाइप करण्याआधीच हे जुळवून घ्या.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छताखाली, पण नवरा-बायको म्हणून नाही, हेही चालतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा. लग्न नागपुरात झालं किंवा शेवटचा संसार इथे होता, तर इथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिन्यांचा थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे तो माफ होऊ शकतो, पण आपोआप नाही, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

आणि ते "बाकीचं आपसात बघू" कृपया नकोच. पाटल्या, गोफ वजनासकट लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं कुणाकडे, तेही. घराच्या कर्जाचा हप्ता नवरा भरेल असं ठरलं, तरी बँकेला त्याचं काही नसतं. सहकर्जदार म्हणून असलेलं बायकोचं नाव बँकेतूनच काढून घ्यावं लागतं. ठरलेली सगळी रक्कम कोर्टाच्या पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होऊ नका. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून मोठा हप्ता शेवटच्या तारखेला, डिमांड ड्राफ्टनं.