बी-सीरिज १४८९: पुन्हा बांधायचं की बदलायचं?

माझ्या जुन्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या १४८९ सीसी इंजिनाचा निर्णय झाला. तेच इंजिन पुन्हा बांधायचं. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) हे बी-सीरिज इंजिन मॉरिसमध्ये होतं, एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि ॲम्बॅसिडरमध्येही होतं, त्यामुळे इथपर्यंत कसा आलो ते जरा सविस्तर लिहितो. यातलं बरंचसं तुमच्याही कामी येईल.

तक्रारी नेहमीच्या होत्या. चढावर दम नाही, तेल खातंय, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागे निळा ढग. असं इंजिन बघितलं की 'गेलं आता, दुसरं टाका' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण निळा धूर व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) उतरलेल्या तेलाचाही असतो आणि पिस्टनच्या रिंगांमधून चढलेल्या तेलाचाही. पहिल्यात काम हेडपुरतं (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग), दुसऱ्यात अख्खं इंजिन खाली. म्हणून आधी मोजमाप.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, बघितलं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. १ आणि ३ नंबरला १३५ पीएसआयच्या आसपास, २ ला ९५, ४ ला ९०. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा बघितलं. ४ नंबर १२५ वर चढला, २ जागचा हलला नाही. म्हणजे आकडे जवळपास सारखे, पण दुखणी वेगळी: ४ ला रिंगा आणि बोअर (पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक), २ ला व्हॉल्व्ह. पिस्टन टॉपला आणून हवा भरली तेव्हा तेच पक्कं झालं. २ ची हवा सायलेन्सरमधून फुसफुसत होती, ४ ची तेल भरायच्या तोंडातून. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केटची शंका मिटली.

हेड उतरवल्यावर २ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) रुतलेला आणि कडेला जळालेला निघाला. जुन्या हेडमध्ये सीट बिडाचीच असते. पेट्रोलमधलं शिसं त्या सीटवर थर धरून तिला सांभाळायचं, ते गेल्यापासून एक्झॉस्टच्या सीट झिजतात. हेड उतरलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या, गाइडही बदला. यात मला विचार करण्यासारखं काहीच वाटत नाही.

खरा पेच ब्लॉकमध्ये होता. पिस्टनच्या डोक्यावर ०२० असा शिक्का निघाला, म्हणजे बोअर आधीच एकदा २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलेला. मूळ ७३.०२५ मिमी, २० थाउनंतर ७३.५३३. बोअर गेज घेऊन प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजला, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशांनी. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगेच्या जागी असते, आणि तिथेही पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडे. ४ नंबरला तिथे ७३.७४ भरला. जवळपास ०.२ मिमी झीज.

'नुसत्या रिंगा टाका, चालेल' हा सल्ला इथेच बाद होतो. व्यास ०.२ मिमीने वाढला की परीघ त्याच्या तिपटीहून थोडा जास्त वाढतो, म्हणजे रिंगेच्या तोंडातली फट वर गेल्यावर ०.६ मिमीहून जास्त उघडते आणि खाली आल्यावर मिटते. दर फेरीला हा खेळ. शिवाय वर न झिजलेल्या भागाचा ओठ उरलेला असतो, त्यावर नवी रिंग आपटून तुटू शकते.

मग ३० थाउ की ४०? ३० ला व्यास ७३.७८७ होतो. कागदावर ७३.७४ त्यात बसतो, पण झीज बहुतेक एकाच बाजूला आहे. बोअरचा मध्य न हलवता कापायचं तर त्या बाजूला कटर पोहोचणारच नाही, खड्डा तसाच राहील. ४० थाउला, म्हणजे ७४.०४१ ला, तो साफ निघतो. म्हणून ४०. पण नेहमी मिळणाऱ्या ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठ्या) पिस्टनमधली ही शेवटची पायरी, आणि निर्णय अडला तो इथेच.

दुसरं जुनं इंजिन आणायचा पर्याय होता. माझं मत स्पष्ट आहे: न उघडलेलं इंजिन आणणं म्हणजे माहीत असलेली झीज देऊन माहीत नसलेली झीज घेणं. त्याच्याही पिस्टनवर ०४० निघालं तर? १७९८ सीसीचं मोठं भावंड ताकदीला छान आहे, पण ते चढवायचं तर क्लच, रेडिएटर आणि ब्रेक या सगळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो, आणि गाडीचा मूळ इंजिन नंबर जातो तो जातोच. आधुनिक इंजिनाचा विचार मी केला नाही. या गाडीचा आवाज आणि सावकाश ओढण्याची रीत मला हवी आहे.

पारडं फिरवलं ते क्रँकने, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टने. तेलाचं प्रेशर गरम इंजिनला आयडलवर १० पीएसआयपर्यंत उतरत होतं, म्हणून क्रँकची धास्ती होती. पण बेअरिंग शेलमध्ये तांबं दिसायला लागलेलं असूनही क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) गोल भरले. नखाला एकही चर लागली नाही. चुंबकीय तपासणीत तडा नाही. नुसतं पॉलिश आणि नवे शेल, ग्राइंडिंग नाही. तेलाचा पंप मात्र नवा घेतोय. ब्लॉकलाही तडा नाही. इतका चांगला क्रँक आणि धड ब्लॉक असताना इंजिन टाकून देणं मला पटलं नाही. ४० थाउ पुढे कधी झिजलाच, तर ड्राय लाइनर (बोअरमध्ये बसणारी नवी नळी) ठोकून स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाला परत आणता येतो.

आता ब्लॉक बोरिंगला देण्याआधी पिस्टन हातात हवेत. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने त्याचा बोअर कापून घ्यायचा, आधी बोअर आणि मग पिस्टन असा उलटा क्रम नको. होनिंग (बोअरच्या भिंतीची शेवटची घासाई) झाल्यावर रिंगांची फट त्या-त्या बोअरमध्येच फीलर गेजने बघणार.

कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा, निर्णय अजून बाकी आहे. कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तळाला बारीक खड्डे दिसताहेत, तेव्हा टॅपेट नवे येणार हे नक्की, आणि झिजलेल्या कॅमवर नवे टॅपेट मी बसवत नाही. कॅमचे लोब (उंचवटे) मोजून घेतो. नवा कॅम आला तर झिंकवालं तेल भरून, इंजिन सुरू होताच आयडलवर न ठेवता २००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं चालवावं लागेल. कुणी या इंजिनात मूळ कॅम पुन्हा ग्राइंड करून घेतला असेल तर लिफ्ट (लोब टॅपेटला किती उचलतो ते) किती राहिली तेवढं जरूर कळवा.