माझा माळढोक मांडी घालून का बसतो?

"तुम्हाला खरे प्राणी जमत नाहीत, की मुद्दाम असे गमतीचे करता?" मी मातीचे प्राणी घडवतो आणि ते पाहून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. शेजारच्या काकूंनी तर परवा हातातला हत्ती खाली न ठेवताच विचारले. तुम्हीही विचारलेत, म्हणून सांगतो. या गमतीत माझ्यापेक्षा मातीचा वाटा मोठा आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचा माळढोक घ्या. एवढ्या जड अंगाचा हा पक्षी दोन लांब, सडपातळ पायांवर उभा असतो. ओल्या मातीचे तसे पाय केले, तर ते धडाच्या भाराने वाकतात. आधाराला आत तार घालावी, तर स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी टणक होणारी, माती वाळून पक्की भाजेपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आकसते आणि तार मात्र आकसत नाही, त्यामुळे पाय तारेभोवती तडकतात. म्हणून माझा माळढोक पाटावर मांडी घालून, पंगतीत वाढप्याची वाट पाहत असल्यासारखा बसतो. (माती विकतची असते, आपल्या रानातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, तिच्यावर हा भरवसा टाकता येत नाही.)

सशाच्या कानांची कथा याहून वेगळी नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पातळ कान धडाच्या कितीतरी आधी वाळतात आणि जोडापाशी चिरतात. त्यावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवावा लागतो आणि मुळात कान जाड व पाठीला टेकलेलेच करावे लागतात. ससा त्यामुळे सदैव ओशाळलेला दिसतो.

माझा पहिला पाणघोडा भट्टीतच फुटला. लोक अशा वेळी आत कोंडलेल्या हवेला दोष देतात, पण खरा दोष जाड मातीत राहिलेल्या ओलीचा आणि माझ्या घाईचा होता. त्या ओलीची वाफ झाली आणि डोके उडाले. तेव्हापासून मी अंग आतून कोरून बोटभर जाडीचे ठेवतो, आतली ओल बाहेर पडायला एक भोक ठेवतो आणि ते तोंडातच काढतो. माझे निम्मे प्राणी आ वासून गात असतात, त्याचे कारण हे.

झिलईवर, म्हणजे वरून दिल्या जाणाऱ्या चकचकीत लेपावर, तर माझी सत्ता आणखी कमी चालते. सुमारे १००० अंशांच्या पहिल्या भाजणीनंतर ती लावतो, तेव्हा कोबाल्ट कार्बोनेटची झिलई फिकट जांभळट दिसते. १२०० अंशांच्या पुढे ती वितळून काच होते आणि गर्द निळी निघते. थर जाड पडला की ओघळते. एका हत्तीच्या सोंडेवरून अशी ओघळली, की त्याला कायमची सर्दी झाली. तळवे मात्र पुसून कोरडे ठेवावेच लागतात, नाहीतर प्राणी भट्टीच्या फळीलाच चिकटतो.

मुद्दाम म्हणावे असे माझ्याकडे डोळे तेवढे उरतात. दोन डोळ्यांतले अंतर थोडे वाढवले की प्राणी भोळा दिसतो, कमी केले की संशयी. काकूंच्या हातातल्या हत्तीचे डोळे अगदी जवळजवळ होते. "हा आमच्या ह्यांच्यासारखा बघतो," असे म्हणून त्या तो घेऊन गेल्या.