सायको ५ की टिसो सीस्टार: शेजारी ठेवून पडताळल्यावर

सायको ५ स्पोर्ट्स (एसआरपीडी मालिका, आत ४आर३६ यंत्र) आणि टिसो सीस्टार १००० (आत पॉवरमॅटिक ८० यंत्र), ही दोन ऑटोमॅटिक मनगटी घड्याळं. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून आधी सेकंदकाटाच बघितला. दोघांचेही सेकंदाला ६ ठोके, म्हणजे तासाला २१,६००. महाग घड्याळाचा काटा जास्त गुळगुळीत सरकेल ही समजूत इथेच गळून पडते. टिसोचं यंत्र ज्या ईटीए २८२४ या जुन्या स्विस यंत्रावरून आलं, त्याचे ठोके तासाला २८,८०० होते. ते कमी करून ८० तासांची चावी (एकदा पूर्ण भरल्यावर चालण्याचा काळ) साधली आहे.

हे ८० तास मात्र कामाचे. शुक्रवारी रात्री ९ला पूर्ण चावी भरलेली घड्याळं काढून ठेवली, तर ४१ तासांची सायको रविवारी दुपारी २च्या सुमारास थांबते, सीस्टार मंगळवारी पहाटेपर्यंत चालते.

वेळ तपासायची तर थांबलेलं घड्याळ नुसतं हलवून भागत नाही. सायकोला क्राउनचे (बाजूच्या चावीच्या बटणाचे) जास्तीत जास्त ५५ फेरे द्यायचे, क्राउन ओढून सेकंदकाटा १२वर थांबवायचा, मोबाइलशी जुळवून आत दाबायचा. मग आठवडाभर रोज ठरावीक वेळी फरक लिहायचा. सायकोची अधिकृत मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. २० सेकंद पुढे जाणं हा बिघाड नव्हे. आधी रात्री ठेवायची बाजू बदलून बघा: डायल वर, क्राउन वर, क्राउन खाली. वेग बदलतो. अचानक मिनिटंच्या मिनिटं पुढे जायला लागलं, तर बहुधा बॅगेच्या चुंबकाने केसकमानीचे (आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटलेत; चुंबकत्व काढायला घड्याळजीला काही मिनिटं पुरतात.

एरवी सायकोचा वेग कोणताही बरा घड्याळजी छोटा दांडा सरकवून सुधारतो. पॉवरमॅटिकमध्ये तो दांडाच नाही, त्यामुळे गल्लीतल्या दुकानात हे काम होत नाही. माझ्या मते सायकोची ही मोठी जमेची बाजू.

सायकोच्या हार्डलेक्स (सायकोची स्वतःची कडक केलेली) काचेवर चरे पडतात. सीस्टारच्या सफायर काचेवर सहसा ओरखडा उठत नाही. पाणी रोखण्यात सायको १०० मीटरची, पोहायला पुरेशी. सीस्टार ३०० मीटरची, स्क्रूच्या क्राउनची. सायकोची तारीख रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत बदलू नका, आतल्या चाकांचे दात दुखावतात. सीस्टारचा क्राउन बसवताना आधी जरा उलटा फिरवा. आटे जुळल्याचं बोटाला जाणवलं की मगच सुलटा आवळा.